ओळख आणि राखण : वस्तीच्या सुरक्षिततेचा एक भारतीय इतिहास

अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'मध्ये कोतवालाच्या कर्तव्यांना वाहिलेले एक छोटेसे प्रकरण आहे. कोतवालाने शहरातील घरांची नोंद ठेवावी, रहिवाशांकडून परस्परसाहाय्याची हमी घ्यावी, काही घरे मिळून एक मोहल्ला ठरवावा, त्यावर एक प्रमुख नेमावा आणि मोहल्ल्यात कोण आले, कोण गेले याची रोजची खबर त्याच्याकडून घ्यावी, अशी अपेक्षा तेथे व्यक्त झाली आहे. त्याच प्रकरणात, मोहल्ल्यातील एखाद्या अप्रसिद्ध माणसाला गुप्तपणे हेर म्हणून नेमावे, असेही सांगितले आहे. शेजाऱ्यांनी एकमेकांच्या सुखदुःखात सहभागी व्हावे ही सूचना आणि शेजाऱ्यावर नकळत नजर ठेवावी ही सूचना अशा अगदी लागून येतात, आणि लेखकाला त्यांत विसंगती जाणवत नाही.

वस्ती-पोलिसव्यवस्थेचा इतिहास लिहिताना या दोन सूचनांमधील अंतराकडे लक्ष द्यावे लागते. विसाव्या शतकाच्या अखेरीस पोलीस आणि नागरिक यांच्या सहकार्यावर जी चर्चा झाली, तिच्यात 'स्थानिक माहिती' हा शब्दप्रयोग वारंवार आणि बहुधा प्रशंसेच्या सुरात येतो. वस्तीला ओळखणारा पोलीस चांगला, हे त्यामागील गृहीतक. ते चुकीचे नाही. परंतु मराठीत 'ओळख' या शब्दाला अनेक अंगे आहेत. 'त्यांची आमची जुनी ओळख आहे' यातील ओळख परस्परांची असते. 'वर ओळख आहे' यातील ओळख म्हणजे वशिला. आणि 'आरोपीची ओळख पटली' यातील ओळख एकाच बाजूने होते. या तीन ओळखींपैकी कोणती ओळख वस्तीच्या राखणीचा पाया होती आणि ती ठरवण्याचा अधिकार कोणाकडे होता, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. माझे प्रतिपादन असे की, स्थानिक माहिती ही आपल्याकडे पोलिसव्यवस्थेला कधीच दुर्मीळ नव्हती. दुर्मीळ होती ती, ज्याच्याविषयी माहिती ठेवली जाते त्याला सुरक्षिततेचे प्राधान्यक्रम ठरवण्यात मिळणारी जागा.

२

पेशवाईच्या अस्तानंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये जो अहवाल सादर केला, त्यात दख्खनच्या गावातील राखणदाराचे वर्णन आहे. रात्री गस्त घालणे, गावात येणाऱ्या-जाणाऱ्यांवर लक्ष ठेवणे, संशयिताची वर्दी पाटलाला देणे आणि गावातील प्रत्येकाचा स्वभाव ठाऊक असणे ही त्याची कामे. चोरी झाली तर माग काढावयाचा. तो शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन दाखवला की जबाबदारी त्या गावच्या राखणदारावर जाई. माग लागला नाही तर नुकसानभरपाईचा बोजा राखणदारावर आणि काही अंशी गावावर येत असे. ही व्यवस्था स्वस्त होती, तपशिलाने भरलेली होती आणि पूर्णतः ओळखीवर उभी होती. पाऊल कोणाचे, बैल कोणाचा, परगावचा पाहुणा कोणाकडे उतरला आहे, हे सांगणारा माणूस गावात असावाच लागे.

तो माणूस कोण होता? प्रदेशपरत्वे रामोशी, महार, भिल्ल किंवा कोळी. गावाची शीव ज्याच्या स्मरणात होती, शिवेच्या तंट्यात ज्याची साक्ष निर्णायक ठरे, त्याचे घर गावकुसाबाहेर होते. त्याला गाव ठाऊक होते. गावाला मात्र तो 'आपला' म्हणून ठाऊक नव्हता. राखण ही त्याच्याकडे अधिकार म्हणून आली की वेठ म्हणून, याचे उत्तर बलुत्याच्या वाट्यात शोधावे लागते. दया पवारांनी १९७८ मध्ये आत्मकथनाला 'बलुतं' हे शीर्षक दिले, तेव्हा या वाट्याचा अर्थ तो घेणाऱ्याच्या बाजूने मराठी साहित्यात नोंदला गेला.

रामोश्यांच्या बाबतीत ही विसंगती अधिक तीव्र झाली. पुरंदरसारख्या गडांच्या राखणीशी त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध होता. गडांची व्यवस्था बदलली, हक्क आणि इनामे गेली आणि राखणदार दरोडेखोर ठरू लागला. उमाजी नाईकाला ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी देण्यात आले. त्याला पकडण्याच्या मोहिमेतील कॅप्टन मॅकिन्टॉश याने पुढील वर्षी रामोशी जमातीवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्याची ओळख राखणीसाठी उपयोगी पडत होती तो आता स्वतःच ओळखीचा विषय झाला. तरीही पुण्याच्या छावणीत आणि बंगल्यांत राखणीला रामोशी ठेवण्याची चाल चालूच राहिली. भीती आणि भरवसा या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या ठायी मानल्या गेल्या होत्या.

तमिळ प्रदेशाशी तुलना केल्यास हा महाराष्ट्राचा अपवाद नव्हता हे कळते. मदुरै परिसरातील कळ्ळर समाज 'कावल' म्हणजे राखणीचे काम करी आणि त्याबद्दल गावाकडून धान्य वा रोकड घेत असे. कंपनी सरकारने ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मोडीत काढण्याचे ठरवले, पण व्यवहारात ती टिकून राहिली. १८९६ च्या सुमारास शेतकरी समाजांनीच कळ्ळरांच्या कावलीविरुद्ध चळवळ केली. राखणीचा मोबदला हीच खंडणी आहे, अशी तक्रार होती आणि ती सर्वस्वी निराधार नव्हती. पुढे याच समाजाला गुन्हेगार जमाती कायद्याखाली आणण्यात आले. त्या नोंदणीला विरोध करताना ३ एप्रिल १९२० रोजी पेरुंगामनल्लूर येथे पोलिसांच्या गोळीबारात किमान सोळा माणसे मरण पावली. 'जागल्या' आणि 'कावलकारर' या दोन भाषांतील दोन शब्दांचा प्रवास राखणीपासून संशयापर्यंत जवळजवळ सारखाच झाला आहे.

३

शहराकडे वळल्यास मराठी वाचकाला प्रथम घाशीराम आठवतो. घाशीराम सावळदास १७७७ ते १७९१ या काळात पुण्याचा कोतवाल होता. पुण्याच्या कोतवालीकडे केवळ चोर पकडण्याचे काम नव्हते. पेठांतील चावड्यांवर देखरेख, बाजारभाव, किरकोळ तंटे, परस्थांची नोंद आणि रात्रीची तोफ झाल्यावर रस्त्यांवरील वावराचे नियंत्रण, असा तिचा पसारा होता. आईनमधील आदर्श कोतवाल आणि पुण्याचा कोतवाल यांत वंशसातत्य सहज दिसते.

१७९१ च्या ऑगस्टअखेर जे घडले ते सर्वश्रुत आहे. घाशीरामाच्या हुकमाने कोंडलेल्या तेलंगी ब्राह्मणांपैकी अनेकांचा गुदमरून मृत्यू झाला. प्रक्षुब्ध जमावाने कोतवालाला देहदंड मागितला आणि तो दगडांनी ठेचून मारला गेला. मोरोबा कान्होबांनी १८६३ मध्ये या विषयावर गद्य ग्रंथ लिहिला आणि १९७२ च्या डिसेंबरमध्ये विजय तेंडुलकरांचे नाटक रंगभूमीवर आले. नाटकाची चर्चा बहुधा सत्ता आणि तिचे हस्तक या अंगाने झाली आहे. वस्तीच्या सुरक्षिततेच्या अंगाने पाहता आणखी एक गोष्ट नजरेत भरते. मेलेले ब्राह्मण परप्रांतीय होते. त्यांना शहरात ओळखणारे, त्यांच्यासाठी वेळीच चावडीवर जाऊन हमी देणारे कोणी नव्हते. खुद्द कोतवालही उत्तरेकडचा, परका, आणि त्याची सारी मदार नाना फडणीसांच्या मर्जीवर. कोतवाल शहराला ओळखत होता, परंतु शहराला कोतवालाला जाब विचारण्याची नित्याची जागा नव्हती. जाब विचारला गेला तो एकदाच, आणि तोही दगडांनी. चौदा वर्षांच्या कोतवालीत या दोन टोकांच्या मधली एखादी पायरी का निर्माण झाली नाही, हा प्रश्न नाटकाच्या अभ्यासकांनीही विचारावा असा आहे.

'कोतवाल' शब्दाच्या पुढच्या गतीविषयी येथे एक नोंद करावीशी वाटते. दिल्ली आणि पुणे येथे ज्या शब्दाने शहराचा धाक सूचित होई, तोच शब्द विसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या गावात तलाठ्याच्या हाताखालच्या कनिष्ठ गावकामगाराला लावला जाऊ लागला. दवंडी देणे, माणसे बोलावून आणणे, दप्तर वाहणे ही त्याची कामे. शहरात पोलीस आयुक्त आला आणि कोतवाल गावाच्या चावडीवर येऊन बसला.

४

१८६१ च्या पोलीस कायद्याने आधुनिक भारतीय पोलिसदलाची घडण ठरवली. या दलाचा नमुना लंडनच्या १८२९ च्या महानगर पोलिसांचा नव्हता. आयर्लंडच्या सशस्त्र दलाचा होता, आणि तो चार्ल्स नेपियरने सिंधमध्ये आधीच गिरवून पाहिला होता. बराकीत राहणारा, बदलीवर जाणारा, वरिष्ठांना उत्तरदायी असलेला शिपाई ही त्याची मूळ कल्पना. असा शिपाई वस्तीला ओळखणार कसा? त्यासाठी जुनी गावव्यवस्था शिल्लक ठेवण्यात आली. मुंबई इलाख्यात १८६७ च्या आठव्या कायद्याने पोलीस पाटील आणि गावराखणदार यांची कर्तव्ये विहित झाली. अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील १९०२-०३ च्या पोलीस आयोगानेही गावप्रमुखावरील या जबाबदारीला दुजोरा दिला. माहिती गावाने द्यावी, निर्णय ठाण्याने घ्यावा, अशी ही विभागणी होती.

माहितीचा दुसरा स्रोत म्हणजे नोंदवही. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा प्रथम उत्तर भारतात लागू झाला. १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती इतर प्रांतांवर आणली आणि १९२४ मध्ये तो एकत्रित स्वरूपात पुन्हा आला. जमातीतील प्रौढांची नोंद, बोटांचे ठसे, ठरावीक वेळी हजेरी, परगावी जाण्यासाठी परवाना ही त्याची साधने होती. व्यक्तीचा स्वभाव ठाऊक असण्याची जी अपेक्षा जागल्याकडून होती, तिची जागा जन्माने ठरणाऱ्या संशयाने घेतली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला, पण ओळखण्याची सवय रद्द झाली नाही. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) ही आत्मकथने साहित्य म्हणून गौरवली गेली. पोलिसव्यवस्थेच्या इतिहासाची साधने म्हणून मात्र ती पुरेशी वाचली गेलेली नाहीत. ज्याच्याविषयी ठाण्यात नोंद आहे, त्याने ठाण्याविषयी केलेली नोंद आपल्याला तेथे मिळते.

राखणीच्या वतनाविरुद्धचा पहिला मोठा वैधानिक प्रयत्नही राखणदाराच्याच बाजूने झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वंशपरंपरागत वतनांच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. चोवीस तासांची चाकरी, अनिश्चित मोबदला आणि संपूर्ण कुटुंबावरील बंधन हे महार वतनाचे स्वरूप त्यांनी उघड केले. गावाची सुरक्षितता कोणाच्या फुकट श्रमावर उभी आहे, हा प्रश्न त्यामुळे सभागृहात आला. त्यानंतर तीस वर्षांनी, १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने संपुष्टात येण्याचा मार्ग मोकळा झाला. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने पोलीस पाटील हे पद वंशाऐवजी नेमणुकीचे झाले. गावाची माहिती आणि जन्मजात हक्क यांची गाठ, निदान कायद्यात तरी, सुटली.

५

या पार्श्वभूमीवर भिवंडीचा प्रयोग पाहावा लागतो. यंत्रमागांच्या या शहरात मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या निमित्ताने दंगल उसळली. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने पोलिसांच्या पक्षपाती वर्तनावर कठोर ताशेरे ओढले. मे १९८४ मध्ये पुन्हा भीषण हिंसाचार झाला. दोन्ही वेळी शहरात 'शांतता समिती' होतीच. सणासुदीच्या आधी ठाण्यात बोलावलेले प्रतिष्ठित नागरिक, पुढारी आणि व्यापारी असे तिचे स्वरूप. वर सांगितलेल्या अर्थांपैकी ही 'वर ओळख असलेल्यांची' समिती होती.

१९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी ही रचना बदलली. शहराच्या भागाभागांत सत्तरच्या आसपास मोहल्ला समित्या स्थापन झाल्या. हिंदू आणि मुसलमान सभासद समान संख्येने, शक्यतो राजकीय पुढारी वगळून, त्या त्या भागातील साध्या रहिवाशांमधून घ्यावयाचे. बैठका केवळ तणावाच्या वेळी न घेता नियमितपणे घ्यावयाच्या. आणि त्या भागाच्या पोलिसाने बैठकीत बसावयाचे, हे तिचे मुख्य विशेष. सभासद दंगलीवर बोलत, तसेच नित्याच्या भांडणांवर आणि गैरसोयींवरही बोलत. पोलिसाला वस्ती कळली हे खरेच. परंतु वस्तीलाही पोलीस नावानिशी कळला, आणि दोन शेजाऱ्यांना पोलिसाच्या साक्षीने एकमेकांशी बोलण्याची सवय लागली, हे अधिक महत्त्वाचे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार नऊशे माणसे मरण पावली. त्या काळात भिवंडी शांत राहिली. आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, आंतरधर्मीय नागरी संबंधांचे जाळे पोलिसांच्या पुढाकारानेही विणता येते याचे उदाहरण म्हणून भिवंडीची चर्चा केली आहे.

मुंबईत १९९४ च्या सुमारास ज्यूलिओ रिबेरो, तत्कालीन पोलीस आयुक्त सतीश साहनी आणि सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्यांची चळवळ सुरू झाली. तिने विविध वस्त्यांत चिकाटीने काम केले. थॉमस ब्लॉम हॅन्सन यांच्यासारख्या अभ्यासकांनी मात्र तिच्याविषयी काही शंका उपस्थित केल्या. समितीत बसणारा माणूस वस्तीचा प्रतिनिधी होतो की ठाणे आणि वस्ती यांच्यातील मध्यस्थ, आणि श्रीकृष्ण आयोगाने ज्यांच्यावर ठपका ठेवला त्यांच्यावर कारवाई न होता सलोखा मागणे कितपत न्याय्य, हे त्या शंकांचे सार. मराठीत 'मोहल्ला' हा शब्द बहुधा मुसलमान वस्तीसाठीच वापरला जातो, हीदेखील एक अडचण होती. ज्याचे नाव दोघांनाही आपले वाटत नाही, ती समिती दोघांची म्हणून स्वीकारली जाण्यास वेळ लागतो.

भिवंडीची शांतताही कायमची नव्हती. जुलै २००६ मध्ये तेथे नियोजित पोलीस ठाण्याच्या जागेवरून संघर्ष झाला. ती जागा कब्रस्तानाची असल्याचे आंदोलकांचे म्हणणे होते. गोळीबारात दोन आंदोलक मरण पावले आणि त्यानंतर जमावाने दोन पोलिसांची हत्या केली. सुरक्षिततेसाठी उभारावयाची वास्तूच वादाचे कारण ठरावी, यातून एक गोष्ट स्पष्ट होते. ठाणे कोठे हवे, हादेखील वस्तीच्या प्राधान्यक्रमाचा प्रश्न असतो, आणि तो विचारण्याची जागा शिल्लक नसेल तर जुनी पुण्याई फार काळ पुरत नाही.

६

त्याच वर्षीच्या २९ सप्टेंबरला भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे एका दलित कुटुंबातील चौघांची गावातील जमावाने हत्या केली. तिच्या अलीकडचा घटनाक्रम आपल्या विषयाशी थेट निगडित आहे. शेजारच्या गावच्या दलित पोलीस पाटलाला मारहाण झाली होती. या कुटुंबातील स्त्रियांनी मारहाण करणाऱ्यांची ओळख पोलिसांपुढे पटवून दिली होती. संशयितांची जामिनावर सुटका झाली त्याच दिवशी हल्ला झाला. स्थानिक माहिती, साक्षीदार, पोलीस पाटील, वस्ती-पोलिसव्यवस्थेच्या पुस्तकात लिहिलेले सर्व काही तेथे होते. शेजाऱ्यांना ओळखण्याची किंमत मात्र ओळखणाऱ्यांना चुकवावी लागली, कारण त्यांच्यामागे ना गाव होते ना ठाणे.

पुढील वर्षी, १५ ऑगस्ट २००७ रोजी, महाराष्ट्र शासनाने तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. ग्रामसभेने समिती निवडावी, तंटे सामोपचाराने मिटवावेत आणि चांगल्या कामगिरीबद्दल गावाला पुरस्कार मिळावा, अशी तिची आखणी. असंख्य किरकोळ दावे तीमुळे कचेरीबाहेर मिटले. पण तंट्यांची संख्या कमी होणे आणि दुर्बळाची तक्रार कमी होणे या दोन गोष्टी आकडेवारीत सारख्याच दिसतात, ही त्या आखणीतील उणीव खैरलांजीनंतर तरी लपण्यासारखी नव्हती.

इतर प्रांतांचा अनुभवही याला पूरक आहे. तमिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यात १९९३ मध्ये सुरू झालेल्या 'फ्रेंड्स ऑफ पोलीस' योजनेत स्थानिक तरुण ठाण्याच्या मदतीला येत. २०२० मध्ये सात्तानकुळम येथील पितापुत्रांच्या कोठडीतील मृत्यूनंतर या स्वयंसेवकांवरही आरोप झाले आणि त्या राज्याने ही योजना थांबवली. केरळात २००८ मध्ये आरंभ झालेल्या जनमैत्री योजनेने ठाण्याच्या हद्दीतील घरोघरी जाणारा पोलीस आणि नागरिकांची समिती या दोन गोष्टी जोडल्या. पहिल्या योजनेत नागरिक ठाण्यात गेला, दुसरीत ठाणे नागरिकाच्या दारी आले. दोहोंची परीक्षा एकाच प्रश्नाने होते : पोलिसाच्या वर्तनाविषयी बोलणे हा त्या भेटीच्या विषयपत्रिकेचा भाग आहे काय?

आईनमधील कोतवालाने मोहल्ल्याकडून परस्परसाहाय्याची हमी घेतली होती, तशी हमी त्याने मोहल्ल्याला द्यावी असे तेथे म्हटलेले नाही. त्यानंतरच्या चारशे वर्षांत या उणिवेची भरपाई झाली ती तुरळकपणे : १९२८ च्या एका विधेयकात, १९८८ नंतरच्या भिवंडीतील काही बैठकांत आणि ठाण्याकडे खालून पाहणाऱ्या काही आत्मकथनांत. आजच्या मराठी वृत्तपत्रांत 'जागल्या' हा शब्द संस्थेतील गैरव्यवहार उघड करणाऱ्यासाठी वापरला जातो. शिवेवर रात्रभर जागणाऱ्याला आपल्या भाषेने हा सन्मान उशिरा दिला, परंतु योग्य अर्थाने दिला. वस्तीसाठी जो जागतो, त्याला वस्तीविषयी आणि ठाण्याविषयीही बोलता आले पाहिजे. तसे बोलता येईपर्यंत वस्तीविषयीची माहिती कितीही वाढली तरी तिने वस्ती सुरक्षित होईलच, असे इतिहासावरून म्हणता येत नाही.